शॉकअप नेमका कुणासाठी असतो?

गतिरोधकावरून उतरणाऱ्या पुढच्या गाडीकडे कधी नीट पाहिलं आहे? नवी गाडी चढते, उतरते, एकदा खाली दबते आणि गप्प होते. बारा-पंधरा वर्षं वापरलेली गाडी उतरल्यावरही काही वेळ थांबत नाही. तिचा मागचा भाग वर, खाली, परत वर असा नंदीबैलाच्या मानेसारखा हलत राहतो. गंमत अशी की आत बसलेल्या मालकाला यात काही वावगं वाटत नाही. उलट 'गाडी अजून मऊ चालते' असं तो कौतुकानं सांगतो, आणि मेकॅनिकनं 'चारही शॉकअप गेलेत' म्हटलं की त्याला बिल फुगवण्याचा डाव दिसतो. त्याचा संशय अगदीच बिनबुडाचा नाही. ब्रेक गेले तर गाडी थांबत नाही, क्लच गेला तर चढावर हलत नाही, बॅटरी गेली तर सुरूच होत नाही. शॉकअप गेल्यावर मात्र गाडी रोजच्यासारखी ऑफिसला जाते, मंडईत जाते, गणपतीला कोकणातही जाऊन येते. मग ज्याच्यावाचून सगळं चालतं, त्यावर पैसे कशाला घालायचे?

प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक समजूत दडलेली आहे. शॉकअप हा बसणाऱ्याच्या पाठीसाठी असतो, ती आरामाची सोय आहे, आणि आराम थोडा कमी झाला तर चालवून घेता येतं, अशी ती समजूत. तिथेच गफलत होते. शॉकअपचा खरा धनी टायर आहे. टायर रस्त्याला सतत टेकलेला राहावा म्हणून तो असतो. पाठीला मिळणारा आराम ही वरकड कमाई. एवढं पटलं की शॉकअप बदलायचा कधी, तपासायचा कसा, आणि त्याच्या नावावर खपणारे स्वस्तातले उपाय का फसतात, ही सगळी उत्तरं एकाच धाग्यात येतात.

धक्का खाते ती स्प्रिंग

'शॉक ॲब्झॉर्बर' या मूळ इंग्रजी नावाचा अर्थ 'धक्का शोषणारा' असा असल्यामुळे घोळ सुरुवातीपासूनच आहे. धक्का शोषायचं काम शॉकअप करतच नाही, ते स्प्रिंग करते. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागच्या बाजूला स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा बसवलेला असतो. अशा गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप काढून बाजूला ठेवले, तरी उभी गाडी जवळपास तेवढ्याच उंचीवर उभी राहते, कारण तिचं वजन स्प्रिंगनं पेललेलं असतं. म्हणून 'गाडी मागून बसली, शॉकअप गेले' हे गॅरेजातलं नेहमीचं निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. गाडी बसली असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा पाटे सपाट झाले आहेत. शॉकअप गेलेली गाडी उभी असताना दिमाखदार दिसू शकते. तिचा दोष कळतो तो चालताना.

चाक दगडावर चढलं की स्प्रिंग दबते आणि धक्क्यातली ऊर्जा स्वतःकडे ठेवून घेते. पण स्प्रिंग हा फार प्रामाणिक ऋणको आहे. घेतलेलं सगळं ती क्षणात परत करते. गाडी वर ढकलली जाते, वर गेली की पुन्हा खाली येते, स्प्रिंग पुन्हा दबते, पुन्हा ढकलते. माजघरातल्या झोपाळ्याला एकदा झोका दिला की तो आपला आपण हलत राहतो, तसंच हे. झोपाळा थांबवायचा तर आपण काय करतो? पायाचा अंगठा जमिनीला घासतो. प्रत्येक फेरीत थोडा थोडा झोका अंगठ्याखाली जिरतो. गाडीत हे घासणं शॉकअप करतो. गावोगावच्या पाणलोटाच्या कामात 'अडवा आणि जिरवा' म्हणतात, तशीच इथली वाटणी आहे: धक्का अडवते ती स्प्रिंग, जिरवतो तो शॉकअप.

टांग्याला वेगळा शॉकअप लागत नसे. त्याच्या कमानपाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर घासत आणि त्या घर्षणातच हेलकावा मरून जाई. शिवाय घोड्याचा वेग तो केवढा. मोटारी धावू लागल्यावर हे पुरेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्स आणि अमेरिकेत चकत्या एकमेकींवर दाबून घासणारी साधनं निघाली. अमेरिकेत क्लॉड फॉस्टर नावाच्या माणसानं मोटारीचा भोंगा विकता विकता एक पट्ट्याचं साधन काढलं. ते गाडी वर उसळताना तेवढं तिला आवरून धरायचं. देवदूताच्या तुतारीवरून त्यानं आपल्या भोंग्याला गॅब्रिएल हे नाव दिलं होतं. तेच नाव पुढे शॉकअपला चिकटलं आणि १९६१ साली भारतात सुरू झालेल्या कंपनीबरोबर मुंबईत मुलुंडपर्यंत येऊन पोहोचलं. घर्षणावर चालणाऱ्या या सगळ्या जुगाडांत एक मूळचीच खोट होती. घासणारी चकती हळू हालचालीलाही तेवढीच अडून बसते आणि जोरदार हालचालीलाही तेवढाच विरोध करते. हवं होतं ते याच्या उलट: हलकी हालचाल होऊ द्यायची आणि हिसका जितका मोठा तितका विरोध वाढवायचा. हे तेलाला जमलं.

सोऱ्यातलं पीठ, नळीतलं तेल

दिवाळीत चकलीचा सोऱ्या ज्यानं दाबला आहे त्याला शॉकअप अर्धा कळलेलाच आहे. दट्ट्या सावकाश दाबला की पीठ ताटलीच्या भोकातून गुमान बाहेर येतं. घाई करून जोर लावला की पीठ अडतं, मनगट दुखतं. चकलीची ताटली काढून शेवेची बारीक भोकांची ताटली घातली की त्याच पिठाला दुप्पट जोर लागतो. शॉकअप म्हणजे तेलानं भरलेला आणि तोंड बंद केलेला सोऱ्याच. एका नळीत दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रं, आणि छिद्रांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा. चाक वर-खाली झालं की दट्ट्या तेलातून पुढे-मागे सरकतो आणि तेलाला त्या छिद्रांतून पिळून जावं लागतं. त्या पिळण्यात ऊर्जेची उष्णता होते, ती नळीच्या पत्र्यातून हवेत जाते. खड्ड्यातला धक्का शेवटी अशा रीतीनं थोड्याशा गरम वाऱ्याच्या रूपानं गाडीतून निघून जातो.

झडपा दोन दिशांना दोन प्रकारांनी वागतात, आणि ही या यंत्रातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळून वर येताना विरोध कमी ठेवलेला असतो, नाहीतर तो हिसका थेट गाडीच्या पत्र्यात जाईल. स्प्रिंग परत उसळताना मात्र विरोध जास्त, साधारण दुप्पट-तिप्पट असतो. दबायला मोकळीक, उसळायला लगाम. फॉस्टरच्या पट्ट्याला जे एकाच दिशेला जमत होतं, ते तेलाच्या झडपांनी दोन्ही दिशांना आणि वेगाच्या हिशोबानं साधलं. सोऱ्याची आणखी एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पिठात हवेचा बुडबुडा राहिला तर दट्ट्या मध्येच फुसकन आत जातो आणि चकली तुटते. शॉकअपमध्ये जोरजोरात घुसळलेल्या तेलाला असाच फेस येतो, आणि फेस दाबला जात असल्यामुळे तेवढ्यापुरता विरोध नाहीसा होतो. त्यावर उपाय म्हणून तेलाबरोबर दाबाखाली नायट्रोजन भरतात. दुकानात ज्याला 'गॅसवाला शॉकअप' म्हणतात तो हाच. त्यातही काम तेलच करतं, गॅस फक्त तेलाला फेसाळू देत नाही.

दोन उड्या, दोन वेग

इथून पुढे मूळ मुद्दा येतो. गाडीत एकाच वेळी दोन वेगवेगळ्या गोष्टी उडत असतात. एक म्हणजे स्प्रिंगवर तोललेली सगळी गाडी, माणसांसकट. ती जड आहे, त्यामुळे तिची उडी संथ: सेकंदाला साधारण एक ते दीड. दुसरं म्हणजे स्प्रिंगच्या खालचं चाक. ते हलकं, आणि वर स्प्रिंग व खाली हवा भरलेला टायर अशा दोन लवचिक गाद्यांमध्ये सापडलेलं. ते सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरतं. पहिली उडी आपल्या पोटाला कळते. दुसरी फारशी कळत नाही, कारण मधली स्प्रिंग तिला वर येऊच देत नाही. आपण ज्याला 'मऊ गाडी' म्हणतो ती बऱ्याचदा अशी असते: वर माणसं आरामात, खाली चाकाची फडफड. महामार्गावर शेजारून जाणाऱ्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकाकडे पाहिलं तर काच शांत आणि चाक मात्र शिवणयंत्राच्या सुईसारखं नाचताना दिसतं.

थोडा हिशोब करून पाहू. चांगला शॉकअप गाडीचा हेलकावा एका फेरीत साधारण सातव्या हिश्श्यावर आणतो. म्हणजे गाडी १० सेंटिमीटर उसळली तर पुढच्या वेळी जेमतेम दीड सेंटिमीटर. त्याच शॉकअपची ताकद एक तृतीयांशावर आली की आकडे असे होतात: १०, मग साधारण ५, मग ३, मग दीड. एक फेरी एका सेकंदाची धरली आणि गाडी ताशी ७२ किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला २० मीटर जात असली, तर धड गाडी वीस मीटरांत सावरते आणि थकलेली साठ मीटरांत. या साठ मीटरांत वळण आलं, कुत्रं आडवं आलं किंवा दुसरा खड्डा आला, तर चालकाच्या हातात डोलणारी गाडी असते. चाकाचा हिशोब याहून बोलका आहे. सेकंदाला बारा उड्या धरल्या तर या वेगाला एक उडी साधारण १.६७ मीटरला पडते. मारुती ८०० च्या छोट्या टायरचा घेर सुमारे १.६ मीटर आहे. म्हणजे टायरच्या जवळजवळ प्रत्येक फेरीला एक उडी. टायरचा ठरावीक भाग पुन्हापुन्हा जोरात आपटतो आणि तिथेच जास्त झिजतो. वेग बदलत राहतो तशा या जागा टायरभर पसरतात, आणि मग रबरावर जे उंच-सखल खवले येतात त्यांचं मूळ असं असतं.

टायर उडाला म्हणजे प्रत्येक वेळी तो हवेत सुटतो असं नाही. बहुतेकदा तो टेकलेलाच राहतो, पण रस्त्यावरचा त्याचा दाब कमी-जास्त होतो. कुणी म्हणेल, मग सरासरी तीच राहिली ना? दाब कधी कमी तर कधी जास्त, शेवटी फिट्टंफाट. तसं होत नाही. पाट्यावर वरवंटा एकसारख्या दाबानं फिरला तर चटणी वाटली जाते. तोच उडत उडत फिरवला तर सरासरी जोर तेवढाच लागूनही मिरची तशीच राहते. टायरचं दुहेरी नुकसान होतं. एक तर भार दुप्पट केला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे हलक्या क्षणी गमावलेली पकड जड क्षणी पूर्ण भरून येत नाही. दुसरं नुकसान ब्रेक दाबलेला असताना होतं. दाब कमी झाल्याच्या क्षणी चाक जाम होऊन घसरू लागतं, आणि पुढच्या क्षणी दाब परत आला तरी घसरतं चाक लगेच सावरत नाही. पावसाळी रस्त्यावर हे जास्तच जाणवतं. चाक असं जाम होऊ न देणारं एबीएस भारतात नव्या मोटारींना सरसकट सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांत ते नाही, आणि जिथे आहे तिथेही उडत्या चाकाचा वेग मोजून ते बिचारं बुचकळ्यात पडतं. टायर रस्त्याला टेकलेला असणं एवढंच जुन्या गाडीचं भांडवल, आणि ते राखणारा शॉकअप.

हा काही लेखकाचा लाडका सिद्धांत नाही. युरोपातल्या शॉकअप उत्पादकांच्या 'युसामा' या संघटनेनं बसवलेली चाचणी याच पायावर उभी आहे. गाडीचं एक एक चाक एका तबकावर ठेवतात, तबक सेकंदाला पंचवीस वेळांपर्यंत हलवतात आणि मग मंद करत नेतात. या दरम्यान चाकाचा तबकावरचा दाब कमीत कमी किती उरला, ते स्थिर वजनाच्या टक्केवारीत मोजतात. साठ टक्क्यांच्या वर असेल तर उत्तम, विसाच्या खाली गेला तर वाईट. आतला माणूस किती हिंदकळला हे त्या यंत्रात कुठेच मोजलं जात नाही.

म्हातारपण हळूहळू येतं

ताशी ६० किलोमीटरनं गेलं तर एक किलोमीटरला एक मिनिट लागतं. चाक सेकंदाला दहा वेळा थरथरतं असं धरलं, तर किलोमीटरमागे सहाशे हेलकावे. ८०,००० किलोमीटरला जवळजवळ पाच कोटी. इतक्या वेळा दट्ट्या एकाच तेलातून, त्याच सीलवरून फिरलेला असतो. शॉकअप उत्पादक साधारण या टप्प्यावर तपासणी करायला सांगतात ते उगीच नाही, आणि आपल्या रस्त्यांवर त्याआधीही वेळ येऊ शकते. तेल तापून-निवून पातळ होतं, झडपांच्या चकत्या थकतात, आणि दांड्यावर चिखल-धूळ बसते. दांड्याला क्रोमचा गुळगुळीत मुलामा असतो. धुळीपासून वाचवणारं रबरी आवरण फाटलं की मुलाम्यावर ओरखडे उठतात, गंज धरतो. मग प्रत्येक फेरीत तो दांडा सीलला कानशीसारखा घासतो आणि तिथून तेल झिरपू लागतं.

हे सगळं रोज कणाकणानं घडत असल्यानं चालकाला कधीच धक्का बसत नाही, शब्दशःही आणि लाक्षणिकही. तो नकळत वळणावर वेग कमी करतो, गतिरोधक आधीच ओळखतो, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवतो. ही जुळवून घेण्याची कला रोजच्या रस्त्यावर कामी येते. अचानक ब्रेक दाबायची वेळ येते तेव्हा जुळवून घ्यायला अवधीच नसतो.

हातानं दाबून काय कळतं?

बोनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी हलवायची आणि सोडायची, एकदा उसळून थांबली तर शॉकअप ठीक, ही चाचणी सगळ्यांना ठाऊक आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. आपला हात सेकंदाला एखाद्या वेळाच दाबतो. चाकाची फडफड दहापट वेगाची असते आणि त्या वेगाला वेगळ्या झडपा उघडतात. शिवाय जुन्या गाडीचे रबरी बुश आणि गंजलेले सांधे स्वतःच इतके आवळलेले असतात की हाताच्या जोराला तेच गाडी थांबवतात. या चाचणीत नापास झालेला शॉकअप नक्की गेलेला असतो. पास झालेल्याबद्दल मात्र काहीच सांगता येत नाही.

आवाजाचंही तसंच. खडखड, टकटक ऐकू आली की शॉकअपकडे बोट दाखवलं जातं. प्रत्यक्षात ती बरेचदा लिंक रॉड, बुश किंवा वरच्या माउंटिंगची असते, आणि ते भाग तुलनेनं स्वस्त असतात. मालकाच्या संशयाला इथे जागा आहे, आणि आधी हे भाग हलवून दाखवायला सांगण्यात काही गैर नाही. तेल संपलेला शॉकअप पुष्कळदा अगदी मुका असतो.

> चौकट : पाना न उचलता दिसणाऱ्या खुणा
> टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा. उंच-सखल लाटा लागल्या तर संशय घ्यावा. शॉकअपच्या वरच्या भागावर नुसता ओलसरपणा असेल तर घाबरण्याचं कारण नाही, दांडा वंगणात राहायला तेलाचा पातळ थर लागतोच. पण तेलाचे ओघळ आणि त्यावर चिकटलेला धुळीचा काळा थर म्हणजे गळती. खराब रस्त्यावरून आल्याबरोबर गाडी उभी करून चारही नळ्यांजवळ जपून हात न्यावा. काम करणारा शॉकअप कोमट लागतो. बाकीचे कोमट आणि एकच गार असेल, तर तो फुकट बसून आला आहे.

स्वस्तातले उपाय

जुन्या गाडीवर खर्च नको म्हणून जे मार्ग सुचवले जातात, त्यात स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसवायचे रबरी बफर सगळ्यात लोकप्रिय आहेत. बसवले की गाडी दोन बोटं उंच होते, पोट गतिरोधकाला घासत नाही, आणि मालक खूश. थकलेल्या स्प्रिंगला तात्पुरता आधार म्हणून त्यांना अर्थ आहे. पण शॉकअपच्या जागी बफर हा उलटाच उपाय आहे. बफरनं स्प्रिंग कडक होते. कडक स्प्रिंग जास्त जोरानं परत ढकलते, म्हणजे जिरवायचं काम वाढतं, आणि जिरवणारा तर आधीच थकलेला. झोपाळ्याच्या कड्या घट्ट केल्या म्हणून अंगठा घासायची गरज संपत नाही.

दुसरा मार्ग रिपेअरचा. नळीला भोक पाडून नवं तेल भरायचं, वेल्डिंग करून बंद करायचं. पहिले काही दिवस फरक जाणवतोही, कारण तेल परत आलेलं असतं. पण झिजलेला दांडा तोच, थकलेल्या झडपा त्याच, तेल नेमकं किती जाडीचं हवं याचा हिशोब नाही, आणि गॅस असेल तर तो गेलेलाच. ओरखडलेल्या दांड्यानं जुनं सील फाडलं तसंच नवंही फाडतो. ज्या गाडीचे भाग बाजारात मिळतच नाहीत, अशा एखाद्या दुर्मीळ गाडीसाठी जाणकार कारागिराकडून शॉकअप पूर्ण उघडून सील-झडपांसह बांधून घेणं वेगळं. रस्त्याकडेच्या भोक-वेल्डिंगला ती सर नाही.

'एकच गळतोय, एकच बदलू' हा तिसरा मार्ग. एका आसावर एक नवा आणि एक जुना शॉकअप बसला की डावं आणि उजवं चाक एकाच खड्ड्याला वेगवेगळं उत्तर देतं, आणि गाडी ब्रेकखाली किंवा वळणावर एका अंगाला ओढ घेऊ शकते. म्हणून पुढची जोडी किंवा मागची जोडी असंच बदलावं. चारही एकदम बदललेच पाहिजेत असं मात्र नाही. पैशांची ओढाताण असेल तर जी जोडी जास्त खराब ती आधी.

राहिला सगळ्यात वजनदार आक्षेप: गाडीची किंमतच उरली नाही, तर तिच्यात पैसे का ओता? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात तरुण ८००सुद्धा आता त्या वयाच्या आसपास आहे. अशा गाडीच्या बाजारभावाशी शॉकअपच्या किमतीची तुलना करणं मला चूक वाटतं. बाजारभाव विकायच्या दिवशी लागतो, ब्रेक रोज लागतात. तुलना करायचीच तर टायरांशी करावी. छोट्या गाडीचे चार शॉकअप सहसा चार टायरांपेक्षा स्वस्त पडतात, आणि ते गेलेले असताना टाकलेले नवे टायर लवकरच खवल्यांचे होतात. एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचा, शॉकअप जिथे वर बसतो तिथला पत्राच गंजून पोखरला असेल, तर नवा शॉकअप हा वायफळ खर्च आहे. आधी पत्रा पाहावा, तो सुधारण्यासारखा नसेल तर गाडीचाच निरोप घ्यावा.

गाडीखाली काय चालतं

मागचे शॉकअप बदलणं बहुतेक छोट्या गाड्यांत सोपं असतं: वर एक नट, खाली एक बोल्ट. पुढचं काम मोठं. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्यानं १९४० च्या दशकात आखलेल्या रचनेत शॉकअप, स्प्रिंग आणि चाकाचा आधार हे सगळं एकाच खांबात गुंफलेलं असतं. रचना सुटसुटीत आणि जागा वाचवणारी, म्हणून आज बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना तीच आहे. पण शॉकअप काढायचा तर त्याच्याभोवतीची दाबलेली स्प्रिंग आधी कॉम्प्रेसरनं आवळून धरावी लागते. तसं न करता वरचा नट सोडला तर ती स्प्रिंग हाडं मोडण्याइतक्या जोरानं सुटते. घरच्या घरी पान्याची हौस भागवणाऱ्यांनी मागची जोडी खुशाल करावी, पुढची गॅरेजावर सोडावी. खांब उघडलाच आहे तर वरचं माउंटिंग, त्यातली बेअरिंग, रबरी टोपी आणि बंप स्टॉप हेही त्याच वेळी बदलावेत. मजुरी एकदाच लागते. पुढचं काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी लागते, कारण खांब सोडला की चाकाचा कोन हलतो.

चांगला मेकॅनिक ओळखायच्या तीन छोट्या जागा आहेत. दुकानात आडवा पडलेला नवा शॉकअप थेट बसवू नये. त्याच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असू शकते. तो उभा धरून चार-सहा वेळा पूर्ण खाली-वर ओढला की हवा निघून जाते आणि दांड्याची चाल एकसारखी होते. नट आवळताना दांडा फिरू लागला तर काही जण तो सरळ पकडीनं धरतात. त्या क्षणी नव्या क्रोमवर दातांचे ओरखडे उठतात आणि नव्या सीलचं आयुष्य तिथेच निम्मं होतं. दांड्याच्या टोकाला धरण्यासाठी खाच दिलेली असते, ती याचसाठी. तिसरी जागा बहुतेक ठिकाणी चुकते: रबरी बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळले, तर चाक जमिनीवर येताच बुश पिळला जातो आणि कायम त्या पिळात राहून लवकर फाटतो. शेवटचा आवळा गाडीचं वजन चाकांवर आल्यावर द्यायचा असतो.

गाडी घरी नेताना पहिल्या दिवशी ती कडक वाटते. इतकी वर्षं सैल हेलकाव्यांची सवय झालेल्या अंगाला तसं वाटणारच, आठवड्याभरात ते जातं. एक तक्रार मात्र जात नाही. टायरवर आधीच खवले पडले असतील तर ते नव्या शॉकअपनं भरून येत नाहीत, आणि ताशी पन्नास-साठच्या पुढे खालून घूं-घूं येत राहतं. मालकाला वाटतं, शॉकअप डुप्लिकेट घातले. खात्री करायला टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे करून पाहावेत. आवाज टायरबरोबर सरकला तर दोष त्या टायरचा, जुन्या दिवसांचा. जागचा हलला नाही, तर बेअरिंगपासून सुरुवात करून गाडीखाली पुन्हा जावं लागेल.